बाबांसाठी किंडल घेऊ का टॅबलेट?

प्रिय सुध्या,

परवा बाबांनी पुस्तकांची पेटी शाळेला देऊन टाक म्हणून सांगितलं. कोणती पेटी ते तुला सांगायला नको. तिच्यातला तिसरा खंड अजून तुझ्याकडेच आहे, आणि “मी तो नेलाच नव्हता” हे तुझं पालुपद पुढच्या जन्मीही चालू राहील. पण बाबांचं बोलणं ऐकलं आणि आधी तूच आठवलास.

इकडे सगळे बरे. माझी पाठ आहे तशीच.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू काढला, पण शुगरनं मागचा पडदा खराब केलाय. पेपर हातात घेतात, मोठ्या मथळ्यावरून बोट फिरवतात आणि घडी घालून उशीखाली सारतात. म्हणून कापसाच्या पैशातले पंधरा हजार बाजूला काढले. आता घ्यायचं काय, यावर माझी झोप उडाली आहे. सोयाबीनच्या भावानंसुद्धा एवढी उडाली नव्हती.

किंडल म्हणजे नुसतं पुस्तकं वाचायचं यंत्र, तुझं पाहिलंय. डोळ्यांत उजेड मारत नाही, ओट्यावर उन्हातही स्वच्छ दिसतं. पडद्याला वीज काय ती पान उलटताना लागते, म्हणून चार्जिंग आठवडे पुरतं. आपल्या लोडशेडिंगात याहून काय पाहिजे? अक्षरही मोठं होतं. पण सहा इंचात बाबांना दिसेल एवढं मोठं केलं की ओळीत जेमतेम तीन शब्द राहतात.

खरी गोम पुढे आहे. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं मिळतात, कबूल. पण बाबांना हवीत पेटीतली. तसली जुनी चरित्रं सापडतात ती इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात, नाहीतर साहित्य संस्कृती मंडळाच्या साइटवर, पीडीएफमध्ये. त्यातली कित्येक म्हणजे नुसते पानांचे फोटो. फोटोतलं अक्षर तेवढं मोठं होत नाही, अख्खं पान फुगतं. मग सरकव डावीकडे, सरकव उजवीकडे. माझ्या मोबाइलवर दाखवून पाहिलं. एक ओळ संपवून दुसरीच्या सुरुवातीला येईस्तोवर बाबांचं वाक्य हरवलं. “राहू दे बापू, माह्याच्यानं नाही होत,” म्हणाले.

दहा इंची टॅबलेट आडवा धरला की पानाची पुरी रुंदी मावते, अक्षर छापील पुस्तकाहून मोठं, आणि सरकवायचं फक्त खाली. टाइप केलेलं पुस्तक असेल तर मराठीत वाचूनही दाखवतो. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पण पारायणाला पोथी ठेवतात त्या लाकडी स्टँडवर बसेल.

मग घेऊन टाक की, म्हणशील. पण उन्हात त्याच्यात आपलंच थोबाड दिसतं, आणि बाबा ओटा सोडत नाहीत. शिवाय माहितीत लिहिलंय, ० ते ३५ अंशांत वापरा. (किंडललाही तेच!) आपल्याकडे मे महिन्यात माणसाआधी यंत्रालाच कुलरपुढे बसवावं लागेल. आणि पोरं! बाबांच्या हाती येईस्तोवर बॅटरी पाच टक्के. मंदा म्हणते, “पोराईच्या अभ्यासालेही होईन.” अभ्यास! आपण अभ्यासाच्या नावाखाली दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेत बसून यवतमाळला जायचो, तसलाच तो अभ्यास.

तरी माझा कल टॅबलेटकडेच आहे. इंटरनेट बंद, गेम एकही नाही, पासवर्ड फक्त माझ्याजवळ. धाकटा तो दोन दिवसांत शोधेल, ते सोड. तू आल्याशिवाय मात्र काही घेत नाही, आणि पेटीही जागची हलवलेली नाही. मास्तरांना सांगितलं, उंदरांनी काय ठेवलं ते बघून देतो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. चिऊ दहावीला ना यंदा? तिला म्हणावं, बापावर जाऊ नको.

दिवाळीला येताना किंडल आण, एखादं टाइप केलेलं चरित्र आणि एक फोटोवाली पीडीएफ, दोन्ही टाकून. बाबांच्या हातात देऊ आणि आपण बाजूला होऊ. तू शिकवत बसू नको, तुझं शिकवणं मला ठाऊक आहे. आणि चार्जर आण, लेका. मागल्या खेपेला माझाच नेलास.

तुझाच,
पम्या