चिऊ, रविवारच्या फोनबद्दल

चिऊ,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून काउंटरवर बसून मनातल्या मनात तुला उत्तरं देतोय, शेवटी म्हटलं लिहूनच टाकू. भांडायला लिहीत नाहीये. आणि तुझ्या त्या १४८/९६ बीपीबद्दल पण काही लिहिणार नाही, आईने बजावलंय.

तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही गोळ्या विकता, मी गोळी शोधतेय, तुम्हाला नाही कळायचं." लागलं गं ते. पण खरंय, लायसन्स अण्णाचं, मी नुसता काउंटरवाला, तीस वर्षं बीपीच्या एनालाप्रिल नि रामीप्रिलच्या स्ट्रिपा कापून देतोय आणि ती गोळी पोटात जाऊन काय करते ते तू दिवाळीत कॅलेंडरच्या मागे चित्र काढून दाखवलंस तेव्हा कळलं. रक्तातल्या अँजिओटेन्सिन एक नावाच्या द्रव्याचा तुकडा तोडणारी एक कात्री, म्हणजे एन्झाइम, असते, तोडला की त्याचं अँजिओटेन्सिन दोन होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि बीपी चढतं, गोळी त्या कात्रीत अडकून बसते. तीच कात्री ब्रॅडिकायनिन नावाचं दुसरं द्रव्य पण तोडते, ती अडली की ते साठतं आणि काहींना कोरडा खोकला लागतो.

तू हे सांगून पुढे गेलीस, मी आजीपाशीच अडकलो. आठ महिने खोकत होती ती, रात्री ओसरीवर बसून हिरडा चघळायची, आणि मी तिचा मुलगा रोज दुकानातून खोकल्याची नवी बाटली आणून द्यायचो. छातीचा फोटो काढला तोही स्वच्छ. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी बीपीची ती गोळी बदलून कात्रीला हात न लावणारी लोसार्टन दिली आणि महिन्याभरात खोकला गेला, आम्ही म्हटलं हवा बदलली. आता बीपीचं कुणी कोरड्या खोकल्याचं सिरप मागायला आलं की मी आधी विचारतो, गोळी कुठली चालू आहे, आणि अण्णाला हाक मारतो. हे तुझ्यामुळे. गिऱ्हाइकांना सांगतो पण, माझ्या मुलीने शिकवलंय.

तुझ्या रिपोर्टची पहिली पानं प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवलीत, दुपारी गर्दी नसली की वाचतो, इंग्रजी हळूहळू लागतं. ब्राझीलच्या त्या जाराराका सापाचं विष, तिथले शास्त्रज्ञ फेरेरा त्यातलं द्रव्य घेऊन लंडनला जॉन व्हेन या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये गेले आणि तिथे बखलेंनी ते या एन्झाइमवर टाकून बघितलं. बखले! चष्मा पुसून आडनाव परत वाचलं.

तुझ्या हिरड्याच्या प्रयोगाचं वाईट वाटलं. सशाच्या फुफ्फुसातलं एन्झाइम, ३७ डिग्री, मग २२८ नॅनोमीटरला रीडिंग, सगळं व्यवस्थित करून हिरड्याने एन्झाइम ८० टक्के अडलं म्हणून तू रात्री साडेबाराला उठवलंस, सकाळी आईने शिरा केला. मग त्यातलं टॅनिन, तो तुरट अंश, काढून टाकल्यावर काहीच उरलं नाही. टॅनिन कुठल्याही प्रोटीनला चिकटतं असं तूच म्हणालीस, मग तो तुझा दोष कसा? तुझ्याच पानांत आहे की अमेरिकेत कुशमन आणि ओंडेट्टींनी आधी सुमारे २००० पदार्थ असेच तपासले आणि हाती काही लागलं नाही. विषातलं द्रव्य लागू पडत होतं, पण ते फक्त इंजेक्शनने देता यायचं. मग एन्झाइममधली गोळी अडकायची जागा कशी असेल याचा विचार करत करत १९७५ ला त्यांनी कॅप्टोप्रिल, तोंडाने घ्यायची गोळी, बनवली, १९८१ ला तिकडे परवानगी मिळाली. तुझे तर अजून चाळीसच झालेत.

पण रात्री दोनपर्यंत लॅबमध्ये थांबायचं, कपातल्या नूडल्स खायच्या, त्यात किती मीठ असतं तुला मी सांगायचं का, आणि वर कुणाच्या तरी मशीनवर गंमत म्हणून हात घातला तर १४८/९६, सव्वीसाव्या वर्षी! तुझ्या आजोबांना, बापूंना, काही म्हणजे काही होत नव्हतं चिऊ. डोकं दुखणं नाही, चक्कर नाही. मळ्यातून आले, हातपाय धुवायला वाकले ते वाकलेच. एकोणपन्नास वय. मी तेव्हा बारावीला होतो, तांब्या माझ्या हातात होता.

बघ, नाही लिहिणार म्हणून तेच लिहिलं. रविवारी "सोड ते सगळं आणि घरी ये" म्हणालो ते चुकलं माझं. सोडू नकोस. घाबरलो की मी असाच ओरडतो, तुला माहितीये.

फक्त नीट मोज. आधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून बस, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, मोजताना बोलू नकोस, मिनिटभराने परत एकदा घे. असं सकाळ संध्याकाळ आठवडाभर. त्या मशीनचा कफ दंडाला लहान असेल तरी आकडा उगाच जास्त येतो, मी त्यावरच आशा ठेवून आहे. आणि मनाने कुठली गोळी घेऊ नकोस. हे लिहून खोडणार होतो, तुला कळतं सगळं, पण राहू दे.

दुकानातलं मशीन उद्या एसटी पार्सलने टाकतोय, दोन्ही मापाचे कफ आणि नवे सेल त्यातच आहेत. आईने मेतकूट दिलंय, मीठ कमी घातलंय म्हणाली.

राग असला तर फोन नको करूस. नुसता आकडा टाक.

बाबा