मित्रास पत्र : जोडी फोडू नकोस

सोलापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले, आणि डिझाइन व रंग पाहून साठ्याच्या टेबलातून रद्द मालाच्या ओळी पुसण्यासाठी तू लिहिलेली क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) हीही मिळाली. ती चालवण्याआधी विचारलेस हे फार बरे केलेस. इथे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत ज्या टॉवेल कारखान्याच्या साठ्याचा डेटाबेस मी सांभाळतो, तिथे हाच प्रश्न सतत येतो. एकच डिझाइन लाल, निळ्या, हिरव्या अशा अनेक रंगांत विणले जाते, त्यामुळे नुसत्या डिझाइन क्रमांकावरून कोणताच माल ओळखता येत नाही आणि नुसत्या रंगावरूनही नाही. ओळख असते ती दोहोंच्या जोडीची.

तू डिझाइनसाठी एक ‘इन’ (यादीत आहे का, ही अट) आणि रंगासाठी दुसरा ‘इन’ लिहून मध्ये ‘अँड’ (दोन्ही अटी खऱ्या हव्यात) घातला आहेस. समज, रद्द मालाच्या यादीत १०१ लाल आणि २०५ निळा एवढेच आहे. तुझी अट १०१ निळा आणि २०५ लाल यांनाही लागू पडते, कारण १०१ हा क्रमांक यादीत आहे आणि निळा रंगही यादीत आहे. गोदामात शिल्लक असलेला, विकायचा माल टेबलातून पुसला जाईल आणि डेटाबेस एरर तर सोड, साधी सूचनाही देणार नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याचीच.

म्हणून दोन्ही कॉलम एकाच कंसात ठेव:

डिलीट फ्रॉम साठा व्हेअर (डिझाइन, रंग) इन (सिलेक्ट रद्द_यादी.डिझाइन, रद्द_यादी.रंग फ्रॉम रद्द_यादी);

पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि ओरॅकल हे डेटाबेस ही रचना स्वीकारतात. एसक्यूलाइटमध्ये ही सोय २०१६ साली, ३.१५ या आवृत्तीपासून आली. एसक्यूएल सर्व्हरला मात्र ही रचना चालत नाही, तिथे ‘एक्झिस्ट्स’ (जुळणारी ओळ आहे का, हे पाहणारी अट) किंवा जॉइन (दोन टेबलांची जोडणी) वापरावा लागतो. माझा कल ‘एक्झिस्ट्स’कडे आहे, कारण तो सगळीकडे चालतो आणि वाचताना दोन्ही बरोबरीच्या अटी डोळ्यांसमोर राहतात.

कोणतीही रचना घेतलीस तरी आतल्या क्वेरीतील प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलाचे नाव लिहायला विसरू नकोस. रद्द_यादीत ‘रंग’ नावाचा कॉलमच नसेल, तर डेटाबेस ते नाव बाहेरच्या साठा टेबलातून उचलतो. मग रंगाची तुलना स्वतःशीच होऊन ती अट असून नसल्यासारखी होते आणि १०१ व २०५ या डिझाइनचे सगळेच रंग जातात.

दोन्ही कॉलम चिकटवून एकच मजकूर करण्याचा जो पर्याय तू सुचवला आहेस, तो मला मुळीच पटत नाही. १ आणि १२ चिकटवले काय किंवा ११ आणि २ चिकटवले काय, हाती ११२ च येतात. शिवाय दोन कॉलमांवर बांधलेला इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) अशा तुलनेत सहसा कामी येत नाही आणि मोठ्या टेबलावर क्वेरी रेंगाळते.

रंग न भरलेल्या नोंदींचे काय, हे तू लिहिलेले नाहीस. तिथे नल (म्हणजे किंमतच नाही) असेल तर साध्या बरोबरीने ती ओळ कधीच जुळणार नाही, यादीतही नल असला तरी नाही. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी, दोन्हीकडे नल असला तरी जुळले असे धरणारे, ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये तेच २०२२ च्या आवृत्तीपासून मिळते.

आता प्रत्यक्ष काम. आधी ट्रॅन्झॅक्शन सुरू कर, म्हणजे बदल पक्के करेपर्यंत मागे घेता येतील. मग डिलीटच्या जागी सिलेक्ट ठेवून, अट अक्षरशः तीच ठेवून, किती ओळी येतात ते मोज आणि त्यांतल्या काही ओळी गोदामाच्या वहीशी ताडून पाहा. त्यानंतर डिलीट चालव. पुसलेल्या ओळींचा आकडा मोजलेल्या आकड्याशी जुळला तरच कमिट कर (बदल पक्के कर), नाहीतर रोलबॅक (बदल मागे घे). तुझे टेबल मायएसक्यूएलमध्ये असेल तर त्याचा साठवणुकीचा प्रकार इनोडीबी आहे ना, हे आधी बघ, कारण मायआयसॅम या दुसऱ्या प्रकारात रोलबॅक होत नाही. तिथे टेबलाची प्रत काढल्याशिवाय हात लावू नकोस.

सिलेक्टचा निकाल आला की कमिट करण्याआधी मला पाठव, मी यादीशी ताडून लगेच कळवतो. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
सोलापूरचा मित्र