खाते बंद करण्याआधी आमचे म्हणणे ऐका

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली यांस,

सविनय नमस्कार.

कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, हळदीच्या पेवांसाठी (जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्यांसाठी) ओळखले जाणारे हरिपूर हे आमचे गाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून सांगलीच्या मार्केट यार्डात जायची. सौद्यात निघेल तो दर घ्यायचा आणि अडत्याने दिलेली हिशेबाची पट्टी खिशात घालून घरी यायचे. ती हळद पुढे कोणाच्या स्वयंपाकघरात गेली, हे आम्हाला कधीच कळत नसे. मोबाइलने ते बदलले. हळद शिजतानाचा व्हिडिओ पाहून डोंबिवलीची एखादी गृहिणी दोन किलो पावडर मागवते, यूपीआयने पैसे पाठवते आणि पुढच्या वर्षी आपल्या जावेचा नंबरही देते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्या नावाचा भाव आमच्या पदरात पडला तो या थेट विक्रीमुळेच.

गेल्या मार्चमध्ये, साठवणीची हळद घेण्याच्या ऐन दिवसांत, ज्या अॅपवर आमचा सगळा धंदा चालतो तेथील आमचे खाते एका सकाळी बंद झाले. नियमभंग झाला, एवढीच ओळ पडद्यावर होती; कोणता नियम, केव्हा मोडला, याचा उल्लेख नव्हता. तक्रार केली की दर वेळी तेच ठरावीक उत्तर यायचे. गिरणीतून दळून आणलेली पावडर घरात पडून होती आणि ग्राहकांचे पत्ते त्या बंद खात्यात अडकले होते. सासूबाई पहिल्यापासून एका वहीत पेन्सिलीने नावे लिहून ठेवत, त्या वहीवरून आम्ही एकेकाला फोन लावला. एकोणिसाव्या दिवशी खाते आपोआप सुरू झाले. कारण आजही माहीत नाही.

यार्डातल्या व्यापारावर आमचे आक्षेप होते आणि आहेत. तरीही तेथे अडत्याचा परवाना रद्द करायचा तर बाजार समितीला त्याला आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, १९६३ च्या कायद्यातच तशी तरतूद आहे. आज ज्याच्यावर हजारो घरांची चूल अवलंबून आहे, त्या खात्याला एवढेही संरक्षण असू नये, हे मला पटत नाही. बनावट नावाने भेसळीची हळद विकणारे आहेत आणि त्यांची खाती बंद व्हायलाच हवीत, पण त्यासाठी खऱ्या विक्रेत्याला कारण न सांगता बाहेर काढण्याची गरज नाही.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ७ दिवसांची मुदत आहे; फेब्रुवारी २०२६ पर्यंत ती १५ दिवसांची होती. त्याच्या निर्णयाविरुद्ध तक्रार अपील समितीकडे जाता येते, तेथे आणखी ३० दिवस धरलेले आहेत. दोन्ही मिळून सदतीस दिवस होतात, आणि आमचा साठवणीचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा असतो. त्याच नियमांत, ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमाने स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारण कळवावे आणि आक्षेप घेण्याची संधी द्यावी, असे म्हटले आहे. एका चित्रफितीला जे संरक्षण आहे, ते व्यवसायाच्या संपूर्ण खात्यालाही आहे, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहावे, ही माझी पहिली मागणी आहे.

व्यवसायाच्या खात्याची तक्रार यंत्राने नव्हे, माणसाने तीन दिवसांत तपासावी. ती मराठीत लिहिता यावी आणि निर्णयही मराठीत मिळावा, कारण आमच्या हळद विकणाऱ्या गटातल्या बहुतेक बायकांचा हिशेब, पत्रव्यवहार आणि भांडणही मराठीतच चालते. आणि चौकशी चालू असतानासुद्धा ग्राहकांची यादी व बाकी राहिलेल्या ऑर्डरी विक्रेत्याला उतरवून घेता याव्यात. ती माणसे आम्ही एकेक करून जोडलेली आहेत. पुढच्या फेब्रुवारीत नवी हळद निघेल, त्याआधी हा बदल व्हावा.

आपली नम्र,
एक हळद उत्पादक शेतकरी
हरिपूर, ता. मिरज, जि. सांगली