बाइंडिंगच्या दुकानात भेटलेल्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या दुकानात ऐन वेळी लाइट गेली नसती, तर माझा लघुशोधप्रबंध काळ्या कव्हरात, सोनेरी अक्षरांखाली जाऊन बसला असता. तुम्ही एक जुनं लॉगॅरिथमचं पुस्तक शिवायला आणलं होतं. वेळ जाईना म्हणून माझे कागद मागितलेत, थेट पाचवा अध्याय काढलात, आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "बाई, एवढ्यात बांधू नका हे."

खरं सांगते, राग आला होता. मार्गदर्शकांची सही झालेली, सादर करायला चार दिवस उरलेले, आणि हे कोण मध्येच? तुम्ही आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलंय हे नंतर दुकानदारानं सांगितलं.

विषय साधाच होता. जून 2019 मध्ये तिसरीच्या वर्गाची चाचणी घेतली, हातच्याची वजाबाकी अजिबात न जमणारी मुलं बाजूला काढली, दशकाचे गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या देऊन त्यांना शिकवलं, आणि सप्टेंबरात उत्तरचाचणी घेतली. मध्यमान, म्हणजे गुणांची सरासरी, वाढलं. टी मूल्य (फरक निव्वळ योगायोगाचा वाटतो का, हे तपासायचा आकडा) 0.05 स्तरावर सार्थक आलं. शून्य परिकल्पनेचा, म्हणजे 'फरक नाहीच' या गृहीतकाचा, त्याग केला आणि निष्कर्ष ठोकला, "सदर पद्धती प्राथमिक स्तरावर अत्यंत परिणामकारक आहे." शिफारस काय, तर ती जिल्ह्यातल्या सर्व शाळांत राबवावी! (वरून 'सर्वत्र राबवावे'ची परिपत्रकं आली की कपाळाला हात लावणारी मी. पेन हातात आल्यावर मीही तेच लिहिलं.)

संध्याकाळी तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही आकडे बघितलेच नाहीत. नातवाच्या सापशिडीतला फासा काढलात आणि वीस चिठ्ठ्यांवर माझ्या वर्गातल्या वीस मुलांची नावं लिहायला लावलीत. प्रत्येकाच्या नावानं एकदा फासा टाकायचा, पडेल तो त्याचा मार्क. एक किंवा दोन पडलेले सात जण निघाले. "हे तुमचे अप्रगत," तुम्ही म्हणालात. मग त्या सात चिठ्ठ्यांवर एकेक फुंकर मारलीत आणि त्यांच्या नावानं पुन्हा फासा टाकायला सांगितलात. पहिली बेरीज 10 होती, दुसरी 26 झाली. तुम्ही गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "लिहा निष्कर्ष. फुंकर पद्धती अत्यंत परिणामकारक आहे." आत काकू हसल्या तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

तळातली मुलं निवडली की त्यात खरोखर न येणारी असतात, तशी त्या दिवशी ताप असलेली, घाबरलेली, नशिबानं मार खाल्लेलीही असतात. दुसऱ्या वेळी ही मुलं काही न करताही मध्यमानाकडं सरकतात. इंग्रज शास्त्रज्ञ गाल्टननं 1886 मध्ये उंच आईबापांच्या मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, हे तुम्ही जाता जाता सांगितलंत. मग अख्ख्या वर्गाचे कागद काढायला लावलेत. जूनमध्ये सगळ्यांत वर असलेल्यांपैकी बरेच जण सप्टेंबरात थोडे खाली आले होते. त्यांना काही मी बिघडवलं नव्हतं.

"मग माझी मेहनत पाण्यात गेली?" मी विचारलं.

"तसं नाही. त्यातलं तुमचं किती आणि फाशाचं किती, हे या मांडणीतून सांगता येत नाही, एवढंच."

मी हार मानली नाही. नदीकाठच्या शाळेतल्या मैत्रिणीनं तीच चाचणी त्याच महिन्यांत घेतली होती, तिच्या वर्गात काड्या नव्हत्या, आणि माझी मुलं तिच्या मुलांच्या पुढं होती. हाच नियंत्रित गट, म्हणजे तुलनेचा गट, म्हणून दाखवू का? तुम्ही एवढंच विचारलंत, "ऑगस्टात ती पोरं कुठं होती, बाई?"

माझी शाळा माळावर. त्यांच्या गावात 2019 चा महापूर शिरला होता. दप्तरं वाहून गेली होती. त्या फरकाला मी काड्यांचं नाव देणार होते!

आणि ते 0.05 चं. ती रेघ मला देवळाच्या उंबऱ्यासारखी वाटायची, आत किंवा बाहेर. तुम्ही राजाराम बंधाऱ्याचं उदाहरण दिलंत. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, मग पाणी 42 फूट 11 इंचांवर असताना कोण निवांत झोपतं? संख्याशास्त्रज्ञ फिशरनं 1925 मध्ये सोयीची म्हणून घेतलेली ती रेघ आहे. शिवाय फरक निव्वळ योगायोगाचा असता तर असे आकडे किती क्वचित आले असते, एवढंच ती सांगते. फरक केवढा, हे तिला विचारायचंच नाही. तुम्ही म्हणालात, "पोरांना आधी न येणारं कुठलं गणित आता येतंय, ते लिहा." ते लिहिताना पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की शून्यातून हातचा घ्यायचा असला, 402 वजा 178 सारखं, की काड्या देऊनही बहुतेक जण अडतातच.

मुलगे आणि मुली यांत फरक नाही ही परिकल्पना 'स्वीकारली' असं मी लिहिलं होतं. ते खोडून तुम्ही 'त्याग करता आला नाही' केलंत. तेव्हा मला तो कीस वाटला होता. आता आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत कुणी 'फरक आढळला नाही, म्हणजे नाहीच' म्हणालं की मीच हात वर करते.

चार दिवसांत पाचवा अध्याय पुन्हा लिहिला. निष्कर्ष एवढाच उरला, की या एका वर्गातल्या निवडलेल्या मुलांचे गुण वाढले, त्यात अध्यापनाचा वाटा असू शकतो, पण तुलनेचा गट नसल्यानं तो वेगळा काढता येत नाही. जिल्हा गेला, 'अत्यंत' गेलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "निष्कर्ष फार लहान झालाय." मी म्हटलं, "सर, माझ्याकडं होता तेवढाच लिहिलाय." माझा आवाज जरा कापला, पण वाक्य पूर्ण केलं.

इतकी वर्षं हे पत्र राहून गेलं, माफ करा. काकूंना नमस्कार. आणि नातवाला सांगा, त्याच्या सापशिडीतला फासा हरवलेला नाही. त्या दिवशी कागदांबरोबर माझ्या पिशवीत आला, आणि दरवर्षी एखाद्या नव्या शिक्षकापुढं टाकायला लागतो म्हणून तसाच राहिला. येत्या रविवारी नवा घेऊन येते.

आपली,
माळावरच्या शाळेतली बाई