मालवणच्या माशांना पाव नको

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की मालवणात गाड्यांची रीघ लागते आणि स्नॉर्कलिंगच्या, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचं बघायला नेणाऱ्या, होड्या भरभरून सुटतात. अशाच एका होडीवर मी गाइड आहे. पाण्यात उतरण्याआधी गिऱ्हाइकांचा प्रश्न ठरलेला, "पाव घेतलात ना? मासे अंगावर आले पाहिजेत, व्हिडिओ काढायचाय." आम्ही नाही म्हटलं की चौघं उठून शेजारच्या होडीत जातात. तिथं स्लाइसचं अख्खं पाकीट तयार असतं.

पावाला धावून येतो तो सार्जंट मासा. पिवळी पाठ, अंगावर पाच काळे उभे पट्टे. दिसायला देखणा, स्वभावानं भांडखोर. एरवी तो पाण्यातले बारीक जीव आणि शेवाळ खाऊन राहतो. मादी खडकावर जांभळट अंडी चिकटवून निघून जाते. मग नर निळसर पडतो, अंडी उबेपर्यंत तिथंच पहारा देतो, परांनी त्यांच्यावर पाणी खेळवतो. पावाच्या तुकड्यापायी तो जागचा हलला की इतर मासे, त्यात त्याचेच भाऊबंद, अंड्यांवर तुटून पडतात. व्हिडिओत मात्र नुसता पिवळा घोळका दिसतो.

गिऱ्हाईक दमलं की खाली पाय टेकतं. दगड वाटतो, पण तो प्रवाळ असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे हे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात आणि जिवंत असतो तो फक्त वरचा पातळ थर. त्या थरातलं सूक्ष्म शेवाळ प्रवाळाला रंग देतं, अन्नही देतं. पाणी फार तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. समुद्र थंड करणं आम्हा मालवणकरांच्या हातात नाही. होडीचा नांगर कुठं टाकायचा, हे आहे.

इथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्यात प्रवाळ वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. ताडोब्यात वाघाला कुणी पाव टाकून बघावा!

मागणी साधी आहे. माशांना खाणं टाकायचं नाही, ही अट परवान्यातच घाला. होड्या बांधायला कायमचे बोये (पाण्यावर तरंगणारे पिंप) द्या, म्हणजे नांगर टाकावाच लागणार नाही. पोहता न येणाऱ्याला धरायला रिंग असल्याशिवाय पाण्यात उतरवू नका. आणि हे सगळ्या होड्यांना एकाच दिवसापासून लागू करा. आमच्या एकट्या होडीवर पाटी लावली, तर गिऱ्हाईक तेवढं शेजारी जातं.

– एक स्नॉर्कलिंग गाइड, मालवण