पुरवठा जहाजांचे वय कशावर मोजायचे?

संपादक महोदय,

नौदलाच्या बातम्यांत विनाशिका आणि पाणबुड्या झळकतात. त्यांना भरसमुद्रात इंधन देणारी ‘ज्योती’ (१९९६), ‘आदित्य’ (२०००), ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ (दोन्ही २०११) मात्र क्वचितच. ‘ज्योती’ तिशीची झाली, म्हणून तिच्या वयाची चर्चा व्हायला हवी.

असे जहाज आधी थकते ते बॅलास्ट टाक्यांत. इंधन देऊन हलके झाले की तोल राखायला या टाक्यांत समुद्राचे पाणी घेतात, पुढे ते काढून टाकतात. भिजणे-सुकणे सतत चालते, वरच्या भागात रंग फुगतो आणि त्याखाली पत्रा खंगतो. जस्ताचे ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारे तुकडे) पाण्यात बुडलेले असतानाच काम करतात, त्यामुळे हा वरचा भाग उघडा पडतो. गोदीत अल्ट्रासाउंडने जाडी मोजून झिजलेले पत्रे बदलावे लागतात; नुसता रंग मारून भागत नाही.

दुसरी झीज डेकवरची. इंधन देताना पुरवठा जहाज आणि युद्धनौका जेमतेम ३०-५० मीटर अंतरावर, साधारण १२ नॉट (ताशी सुमारे २२ किलोमीटर) वेगाने समांतर चालतात; इंधनाची नळी दोघींमधल्या पोलादी दोराला टांगलेली असते. मधले पाणी त्यांना एकमेकांकडे खेचते. या दोराचा ताण विंचने (दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) क्षणोक्षणी सांभाळला नाही, तर दोर तुटतो, नळी फाटते. म्हणून दोराची एकेक तार तपासणे अटळ आहे.

विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी ऑगस्ट २०२३ मध्ये अशा पाच नव्या पुरवठा जहाजांचा करार झाला. ती येईपर्यंत जुन्यांच्या गोदीतल्या दुरुस्तीत एक दिवसही कापू नये, ही कळकळीची मागणी.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर