व्याख्यान चित्रासमोरच व्हावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शहरातील एका चित्रप्रदर्शनानिमित्त झालेल्या व्याख्यानाला नातीला घेऊन गेले होते. चित्रे एका इमारतीत, व्याख्यान दुसऱ्या इमारतीत. पडद्यावरच्या फिकट छायाचित्रांवर तासभर इंग्रजीत भाषण झाले. बाहेर पडेपर्यंत प्रदर्शनाचे दार बंद! नात म्हणाली, "आजी, खरं चित्र कुठंय?"

मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी मुलांना कीर्तिमंदिरात, म्हणजे बडोद्यातल्या गायकवाड घराण्याच्या स्मारकात, नेत असे. तिथे बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांनी चार भिंतींवर रंगवलेली चित्रे आहेत. गंगावतरणासमोर मुलांना जमिनीवर बसवायचे आणि पाच मिनिटे कुणी बोलायचे नाही, एवढाच नियम. मग रेषा कुठून निघते, नजर कुठे जाते, हे मुलेच सांगू लागत. मीरेच्या भिंतीपाशी तर त्यांना उठवावे लागे.

सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्यांकडून पौराणिक चित्रे काढून घेतली, १८९४ साली कमाटीबागेत संग्रहालय उभे केले. अशा बडोद्यात महिन्यातून एका रविवारी, एकाच चित्रासमोर, मराठीत आणि गुजरातीत अर्धा तास बोलणारे कुणी मिळू नये? ज्येष्ठांसाठी चार खुर्च्या ठेवाव्यात, चित्राखालच्या पाट्या ठळक असाव्यात. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक विनामानधन यायला तयार आहेत. संग्रहालयांनी नुसते बोलवावे.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका
दांडिया बाजार, बडोदा